हॉर्मोनच्या रिपोर्टमधले आकडे : प्रत्येकाचा प्रश्न वेगळा

मूल हवंय म्हणून तपासण्या सुरू झाल्या की लवकरच हातात एक रिपोर्ट येतो. एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, एएमएच अशी आद्याक्षरांची रांग. त्यातल्या एखाद्या आकड्यापुढे ‘लो’ किंवा ‘हाय’ छापलेलं असतं. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी असते, आणि तोवर त्या एका शब्दाने घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली असते. बाईला वाटतं, आपण आई होण्याच्या परीक्षेत नापास झालो.

पण या तपासण्या ‘तुम्ही आई व्हाल का?’ या प्रश्नासाठी निघालेल्याच नाहीत. गेल्या शंभर वर्षांत डॉक्टरांना वेगवेगळे प्रश्न पडले आणि एकेका प्रश्नाचं उत्तर शोधताना एकेक तपासणी जन्माला आली. आपल्या हातातला आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळलं, की तो वाचणं पुष्कळ सोपं होतं.

पहिला प्रश्न : आहे की नाही?

‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रूढ केला. रक्तातून जाऊन दूरच्या अवयवाला निरोप देणारं रसायन, एवढाच त्याचा अर्थ. पण हे निरोप मोजायचे कसे? मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून प्राणी वापरले गेले.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये झेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक या दोघांनी गरोदर बाईची लघवी उंदराच्या लहान, अजून वयात न आलेल्या माद्यांना टोचली. काही दिवसांनी उंदीर मारून पाहिले, तर त्यांचे बीजकोश अकाली जागे झालेले होते. ही पहिली भरवशाची गरोदरपणाची चाचणी. पुढे उंदरांच्या जागी ससे आणि मग बेडूक आले. लघवीतलं ते हॉर्मोन मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं अशी त्या दोघांची समजूत होती. ते वारेतून येतं हे दाखवून दिलं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तरुण डॉक्टर जॉर्जियाना सीगर यांनी. आज घरी दोन गुलाबी रेघा पाहतो ती पट्टी याच हॉर्मोनचा, म्हणजे एचसीजीचा, शोध घेते.

या चाचणीचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येतं. हॉर्मोनच्या बाकीच्या तपासण्यांकडेही आपण नकळत असंच पाहतो. ‘नॉर्मल म्हणजे पास, ॲबनॉर्मल म्हणजे नापास’ ही सवय इथलीच.

दुसरा प्रश्न : कधी?

स्त्रीबीज महिन्यात नेमकं कधी सुटतं, हे शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कुत्रीला माजाच्या सुमारास रक्तस्राव होतो, त्यावरून बाईचंही बीज पाळीच्या आसपासच सुटत असावं असं अनेक जण मानत. १९२४ साली जपानच्या निईगाता शहरातले डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी हा समज खोडून काढला. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी सुटतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रियातले हर्मान क्नाउस काही वर्षांनी स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आले.

यातला ‘पुढच्या पाळीच्या आधी’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. दिवस मागून मोजायचे असतात. बीज सुटल्यावर बीजकोशात उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते १९३४ साली शुद्ध रूपात हाती आलं. ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासा’ हा सल्ला या दोन शोधांच्या बेरजेतून आला आहे. पण तो २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास जेमतेम सुटत असतं. तिचा त्या दिवशीचा रिपोर्ट कमीच येणार. तिने ही तपासणी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी करायला हवी. प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलं असं समजतात. कमी असेल तर आधी दिवस चुकला का ते पाहायचं.

१९७८ साली इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तीही याच ‘कधी?’च्या उत्तरावर. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेपटो यांनी त्या वेळी हॉर्मोनची इंजेक्शनं दिली नव्हती. लघवीतलं एलएच दिवसरात्र ठरावीक तासांनी तपासत राहून, नैसर्गिकरीत्या पिकलेलं एकुलतं एक बीज त्यांनी अचूक वेळी काढून घेतलं.

तिसरा प्रश्न : का होत नाही?

प्राण्यांवरच्या चाचण्या ढोबळ होत्या. रक्तात ही रसायनं इतकी कमी असतात की ती एका ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावी लागतात. ही अडचण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुटली. रोझलिन यालो भौतिकशास्त्रज्ञ, सॉलोमन बर्सन डॉक्टर. दोघे मधुमेही रुग्णांत इन्सुलिनचा अभ्यास करत होते. रुग्णांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होते, हे त्यांच्या लक्षात आलं. तो निबंध आधी नाकारला गेला. नकाराचं ते पत्र यालोबाईंनी जपून ठेवलं आणि १९७७ साली नोबेलच्या व्याख्यानात जगाला दाखवलं. बर्सन तोवर हयात नव्हते.

त्यांची युक्ती संगीत खुर्चीसारखी आहे. अँटिबॉडी म्हणजे मोजक्या खुर्च्या. त्यांवर बसायला किरणोत्सर्गी खूण केलेलं हॉर्मोन आणि रुग्णाच्या रक्तातलं हॉर्मोन यांची चढाओढ लावायची. खूण केलेली जितकी जास्त मंडळी उभी राहिली, तितकं रुग्णाच्या रक्तात हॉर्मोन जास्त. दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ती जगभर पसरली. आजची यंत्रं बहुधा किरणोत्सर्गाऐवजी प्रकाश मोजतात, पण अँटिबॉडीने हॉर्मोन पकडायचं ही मूळ कल्पना तीच.

मग पाळी का चुकते, बीज का सुटत नाही, याची कारणं आकड्यांत दिसू लागली. माणसात प्रोलॅक्टिन हे वेगळं हॉर्मोन आहे की नाही याबद्दलच १९७० पर्यंत शंका होती. कॅनडात हेन्री फ्रीजन यांच्या गटाने ते वेगळं काढलं, मोजलं, आणि ते वाढल्याने पाळी थांबलेल्या बायकांना औषध देता येऊ लागलं. मात्र प्रोलॅक्टिन मोठं चंचल असतं. ताण, सुई टोचण्याची भीती, उलटी थांबवणाऱ्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या, थायरॉइडची कमतरता, यांतलं काहीही त्याला वर नेतं. म्हणून थोडंसं वाढलेलं प्रोलॅक्टिन सकाळी, शांतपणे बसून, पुन्हा तपासून पाहतात. टीएसएचही त्याच वेळी बघतात.

चौथा प्रश्न : किती?

इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवायची पद्धत रूढ झाली आणि प्रश्न बदलला. जॉर्जियाना सीगर आता डॉ. जोन्स झाल्या होत्या. पती हॉवर्ड जोन्स यांच्यासह त्यांनी अमेरिकेत नॉरफोकला आयव्हीएफ केंद्र उभारलं आणि १९८१ साली तिथल्या उपचारांतून अमेरिकेतली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आपल्याकडे मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असंच बाळ जन्मलं.

उपचार महागडा, इंजेक्शनं बरीच. कुणाला किती बीजं मिळतील हे आधी कळलं तर? १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉरफोकच्या डॉक्टरांनी दाखवलं की पाळीच्या तिसऱ्या दिवशीचं एफएसएच जास्त असेल तर इंजेक्शनांना प्रतिसाद कमी मिळतो. तिसराच दिवस का? तेव्हा इस्ट्रोजेन तळाला असतं. पुढे ते वाढतं आणि एफएसएचला दाबतं. म्हणून बाराव्या दिवशी केलेलं एफएसएच या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

एएमएचची गोष्ट आणखी मजेची आहे, कारण तिची सुरुवात पुरुषांपासून होते. १९४७ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड जोस्ट सशांच्या गर्भावर प्रयोग करत होते. नरगर्भात गर्भाशयाची सुरुवातीची नळी विरून जाते, पण नुसत्या टेस्टोस्टेरॉनने ती विरत नाही. म्हणजे वृषणातून आणखी काहीतरी येत असलं पाहिजे. तेच हे एएमएच. बऱ्याच वर्षांनी कळलं की स्त्रीच्या बीजकोशातल्या लहान लहान फॉलिकलमध्येही, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्यांमध्येही, ते तयार होतं. २००२च्या सुमारास आयव्हीएफच्या डॉक्टरांना ते आयतं सापडलं. फॉलिकल जास्त तर एएमएच जास्त, फॉलिकल कमी तर एएमएच कमी.

तेव्हा एएमएच सांगतं ते एवढंच : रांगेत किती जण उभे आहेत. नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एकच बीज लागतं. ते बीज किती चांगलं आहे हे मुख्यतः वयावर ठरतं, एएमएचवर नाही.

पाचवा प्रश्न

‘मला मूल होईल का?’ हा प्रश्न घेऊन २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वंध्यत्वाचा इतिहास नव्हता आणि प्रयत्न नुकतेच सुरू झाले होते. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांची सहा महिन्यांच्या प्रयत्नांत गर्भ राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, नॉर्मल असलेल्यांची ६२ टक्के. म्हणजे अर्थपूर्ण फरक नाहीच. वाढलेल्या एफएसएचचंही तेच. म्हणून २०१९ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की वंध्यत्व नसलेल्या स्त्रीला एएमएच तपासून भविष्य सांगू नये.

याचा अर्थ कमी एएमएच दुर्लक्ष करण्याजोगं आहे असा मात्र नाही. आयव्हीएफ करायची वेळ आली तर बीजं कमी मिळतील, इंजेक्शनांचा डोस त्यावरून ठरेल, आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वेळ दवडणं परवडणार नाही. कित्येक वर्षं प्रयत्न करणाऱ्या जोडप्यालाही हा अभ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. पण ‘कमी बीजं’ आणि ‘मूल होणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याची गल्लत झाली की घाबरून नको ते उपचार होतात, संसारात कडवटपणा येतो, आणि सगळा दोष एकट्या बाईच्या माथी बसतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टवर पेनाने चार गोष्टी लिहा : तुमचं वय, रक्त दिलं तो पाळीचा कितवा दिवस, पाळी साधारण किती दिवसांनी येते, आणि चालू असलेली औषधं. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच कमी दिसू शकतं. पीसीओएसमध्ये ते जास्त येतं, पण म्हणून बीज वेळेवर सुटतंच असं नाही. एएमएचचं एककही पाहा. नॅनोग्रॅममधला १ हा आकडा पिकोमोलमध्ये सुमारे ७ होतो, त्यामुळे मैत्रिणीच्या रिपोर्टशी तुलना करताना हमखास फसगत होते. तपासणी पुन्हा करायची असेल तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा.

गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे यांतला एकही आकडा सांगत नाही. शुक्रजंतू किती आणि कसे आहेत हेही सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीची मार्गदर्शक पुस्तिका १९८० सालीच काढली. तपासणी स्वस्त, सुई न टोचता होणारी. तरी अनेक घरांत बाईचे पाच रिपोर्ट होईपर्यंत नवऱ्याचा एकही झालेला नसतो. तो पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा चाळिशी आली असेल, पाळी फार अनियमित असेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि तपासणी लिहून देताना त्यांना जरूर विचारा : ‘यातून आपल्याला काय कळणार आहे, आणि आकडा कमी किंवा जास्त आला तर उपचारात काय बदलेल?’ हे विचारणं तुमचा हक्क आहे.