ब्रेकपॉइंटची कुळकथा

चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, आतले आकडे बघायचे आणि पुन्हा सोडून द्यायचा, हे आज एका क्लिकचं काम आहे. त्या क्लिकमागे किती पिढ्यांची अक्कल उभी आहे, हे एखाद्या जुन्या यंत्रासाठी डिबगर जुळवायला बसल्यावरच कळतं.

१९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅकवर सुरुवातीला प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणीच होती. मध्येच थांबायचं तर नेमकी तार उपसायची. गणित तिथे अडायचं आणि दिव्यांवरून आकडे वाचता यायचे. या युक्तीचं श्रेय एनिअ‍ॅकच्या प्रोग्रामर बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं.

पुढे प्रोग्राम मेमरीत गेला आणि उपसायला तार उरली नाही. केंब्रिजच्या एडसॅकवर स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये वेगळी वाट दाखवली: एका प्रोग्रामने दुसऱ्याची एकेक सूचना वाचून पार पाडायची आणि काय घडलं ते छापत जायचं. पद्धत खात्रीची, पण फार संथ. एमआयटीत टीएक्स-० वर फ्लिट आणि १९६१ मध्ये पीडीपी-१ वर डीडीटी आलं. दोन्ही नावं कीटकनाशकांची! आता टाइपरायटरवर बसून यंत्राला थेट विचारता येऊ लागलं.

खरी मेख आहे ती पीडीपी-११ मध्ये. १९७० साली आलेल्या या यंत्राने थांबण्यासाठी स्वतंत्र सूचनाच दिली: बीपीटी, ऑक्टलमध्ये ०००००३. डिबगर मूळ सूचना उचलून बाजूला ठेवतो आणि तिच्या जागी हा ३ लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की प्रोग्राम काउंटर आणि स्टेटस वर्ड स्टॅकवर ठेवून ऑक्टल १४ या पत्त्यावरून पुढचा रस्ता घेतो; यालाच ट्रॅप म्हणतात. तोवर काउंटर बीपीटीच्या पुढे सरकलेला असतो, म्हणून डिबगरने त्यातून २ वजा करायचे. ते राहिलं, तर बाजूला ठेवलेली सूचना कधी चालतच नाही आणि चूक शोधणारा स्वतःच नवी चूक पेरतो.

पुढे निघायची रीतही देखणी आहे. मूळ सूचना जागेवर ठेवायची, स्टेटस वर्डमधला टी-बिट लावायचा आणि एकच सूचना चालू द्यायची. ती संपताच प्रोसेसर पुन्हा त्याच १४ वर येतो; मग बीपीटी परत लिहायचा, टी-बिट काढायचा आणि प्रोग्राम सोडायचा. इतक्या थोड्या सामग्रीत इतकं नेटकं काम मला फार कमी ठिकाणी दिसलं आहे.

पीडीपी-११ च्याच कंपनीच्या पुढच्या व्हॅक्सवर मात्र काउंटर बीपीटीवरच थांबतो. तिथे काहीच वजा करायचं नाही. इंटेलच्या घराण्यात अडचण निराळी. तिथे सूचना एका बाइटचीही असते, म्हणून थांबा त्याहून लांब असून चालत नाही, नाहीतर शेजारची सूचना पुसली जाते. ८०८० वर सीपी/एमच्या डीडीटीने त्यासाठी एका बाइटची आरएसटी ७ वापरली. आपल्याकडच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत ८०८५ च्या किटवर हेक्स आकडे भरलेल्यांना आरएसटी ओळखीची असेल. १९७८ च्या ८०८६ मध्ये बाकीचे इंटरप्ट दोन बाइटांचे, पण तिसऱ्यासाठी सीसी हा एका बाइटचा खास कोड ठेवला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबीत आज हे सगळं प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळं नोंदवावं लागतं: थांब्याचे बाइट कोणते, काउंटरमधून किती वजा, रजिस्टरांचा क्रम काय, बाइटांचा क्रम काय. पीडीपी-११ वर हा शेवटचा प्रश्नही सरळ नाही. ३२ बिटांच्या संख्येत वरचा शब्द आधी, पण प्रत्येक शब्दात खालचा बाइट आधी.

म्हणून जुन्या यंत्रावर डिबगर चढवणाऱ्यांना एकच विनंती: सेटिंगना हात लावण्याआधी त्या प्रोसेसरच्या हँडबुकातलं ट्रॅपचं प्रकरण नीट वाचा, आणि ट्रॅपनंतर काउंटर कुठे उभा असतो ते पहिल्यांदा लिहून ठेवा.