ताटी, कूलर आणि फुप्फुस

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हाळ्यात घर गार ठेवण्याची युक्ती जुनीच आहे: दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि त्यांवर पाणी शिंपडत राहायचं. ‘आईन-ए-अकबरी’तही वाळ्याच्या पडद्यांचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांनी अशा ताट्यांना हाताने फिरवायचा पंखा जोडला आणि ‘थर्मँटिडोट’ असं भारदस्त नाव दिलं. पंखा फिरवायला अर्थातच नोकर असे.

पुढे वीज आली, नोकराचं काम मोटरकडे गेलं आणि पत्र्याचा कूलर मराठवाड्यातल्या खिडक्यांत विराजमान झाला. त्याची रचना साधी. टाकीतलं पाणी छोटा पंप वर चढवतो, ते ताट्यांतून झिरपत पुन्हा टाकीत येतं, आणि पंखा त्या ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. तेच पाणी दिवसेंदिवस फिरत राहतं. सीझन सरता सरता ताटी काळपट, बुळबुळीत होते आणि खोलीत कुबट वास दरवळतो. तो बुरशीचा.

टाकी रोज रिकामी करा, हे सांगायला सोपं. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात ते गटारात सोडायला कुणाचा हात धजावेल?

पण प्रश्न फक्त कुबट वासाचा नाही. कुजक्या वनस्पतींची धूळ फुप्फुसाला बाधते, हे वैद्यकाला जुनंच ठाऊक आहे. १९३२ मध्ये इंग्लंडच्या डॉ. कॅम्पबेल यांनी बुरसटलेलं गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांचा आजार नोंदवला. साठवून कुजलेलं उसाचं चिपाडही असाच त्रास देतं. फुप्फुसाच्या भिंतींना सूज येणाऱ्या किंवा व्रण पडून त्या ताठर होणाऱ्या (फायब्रोसिस) आजारांच्या गटातल्या भारतातल्या १०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७.३ टक्क्यांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांवरच्या अतिप्रतिक्रियेने येणारी फुप्फुसाची सूज होती, आणि या रुग्णांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आला होता. एवढ्यावरून कूलरला सरसकट दोषी ठरवता येत नाही, पण संशयाची सुई तिकडे वळली.

आत घडतं ते असं. बुरशीच्या कणांनी काही जणांची प्रतिकारशक्ती बिथरते. सूज पुन्हा पुन्हा आली की ‘टीजीएफ-बीटा’ हे प्रथिन निरोप्या बनतं. फायब्रोब्लास्ट पेशीवरचा ग्राही तो निरोप घेतो, ‘स्मॅड’ प्रथिनं तो केंद्रकापर्यंत पोहोचवतात आणि पेशी कोलॅजेन तयार करू लागते. एरवी जखम भरणारी ही यंत्रणा थांबलीच नाही, तर वायुकोशांच्या भिंती जाड नि ताठर होतात. ऑक्सिजन रक्तात उतरणं अवघड होतं. कोरडा खोकला हटत नाही, जिना चढताना धाप लागते.

असे निरोप अडवण्यावर आता औषधांची भिस्त आहे. २०१० पासून भारतात पिरफेनिडोन मिळू लागलं. निंटेडॅनिब फायब्रोब्लास्टना चेतवणारे तीन प्रकारचे ग्राही रोखतं; वाढत जाणाऱ्या फायब्रोसिससाठी त्याला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत.

म्हणून दरवर्षी ताट्या बदला, टाकी घासून वाळवा. काढलेलं पाणी अंगण धुवायला वापरता येतं. खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता घरात कूलर आहे हे आपण होऊन सांगा.