पानातले पहिले निमिष

चैत्र-वैशाखातल्या दुपारी आपल्या बार्शीटाकळीत जो तो निंबाची सावली शोधतो. ज्या उन्हाकडे आपण पाठ फिरवतो, त्याच उन्हाकडे निंबाचे पान मात्र तोंड करून असते. आपली कातडी भाजणारे ऊन पानाचे अन्न कसे होते, हा प्रश्न कुणालाही पडावा असा आहे. शास्त्रज्ञांना तो फार पूर्वीच पडला. परंतु उत्तर ज्या क्षणात दडलेले होते, तो क्षणच त्यांच्या हाती लागेना. तो हाती कसा आला, त्याची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम एक घरचा प्रयोग सांगतो. पालकाची पाने वाटून, विस्तवापासून दूर बसून, स्पिरिटमध्ये कालवावी व फडक्यातून गाळून घ्यावी. हिरवेगार पाणी मिळते. अंधाऱ्या खोलीत त्यावर निळ्या उजेडाचा झोत टाकला, की तेच पाणी तांबडे दिसू लागते. हरितद्रव्याने निळा प्रकाश गिळला आणि त्यातला काही भाग तांबड्या रंगात परत केला. यास फ्लुओरेसन्स म्हणतात. जिवंत पान मात्र असे तांबडे दिसत नाही; कारण तेथे बहुतेक शक्ती परत फेकली जाण्याआधीच कामी लागते. म्हणजे पानाच्या पोटात एक शर्यतच चालू असते. काम आधी होते, की शक्ती आधी वाया जाते? ही शर्यत सेकंदाच्या काही अब्जांशांतच संपते. मोजावयाची ती कशी?

1932 साली अमेरिकेत एमर्सन व आर्नल्ड यांनी एकपेशीय शेवाळावर अतिशय अल्प वेळाचे प्रकाशाचे झोत टाकून पाहिले. तेव्हा त्यांना आढळले, की एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो, त्यामागे हरितद्रव्याचे सुमारे 2,400 रेणू असतात. आपल्या वऱ्हाडच्या भाषेत सांगायचे, तर वावरात कापूस वेचणारे हात पुष्कळ. पण तो सारा जातो एकाच जिनात!

वेचलेला प्रकाश जिनापर्यंत पोचतो कसा, हे पाहण्याची युक्ती जॉर्ज पोर्टर यांनी दिली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात रडारचे काम करीत होते. युद्धानंतर केंब्रिजला नॉरिश यांच्याबरोबर त्यांनी 1949 मध्ये दोन झोतांची पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या झोताने पदार्थास डिवचावे आणि मागून येणाऱ्या दुसऱ्याने त्याचा वर्णपट टिपावा. त्यांना 1967 चे नोबेल पारितोषिक आयगेन यांच्यासह मिळाले. 1960 मध्ये मेमन यांनी लेसर तयार केला आणि हे झोत अधिकाधिक आखूड होत गेले. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. असला काळ कोणते घड्याळ मोजणार? शास्त्रज्ञांनी काळाचे माप अंतरावर नेले. दुसऱ्या झोताची वाट आरसा सरकवून 0.3 मिलिमीटरने लांबवली, की तो एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. घड्याळ नको, आरसा पुरे! पिकोसेकंदाचाही हजारावा भाग म्हणजे फेम्टोसेकंद. तेथवर पोचून रासायनिक क्रिया पाहिल्याबद्दल झेवैल यांना 1999 चे नोबेल मिळाले.

1986 मध्ये मार्तँ, ब्रेतों आदी फ्रेंच शास्त्रज्ञांनी जांभळ्या जिवाणूंतील केंद्र तपासले. प्रकाश मिळताच तेथील इलेक्ट्रॉन सुमारे 3 पिकोसेकंदांत उडी घेतो, असे दिसले. वाया जाण्याची क्रिया याहून कितीतरी मंद असते. शर्यतीचा निकाल असा लागला.

दुसरीकडे 1962 मध्ये शिमोमुरा यांना एका समुद्री जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन सापडले. त्याचा जीन 1992 मध्ये प्रॅशर यांनी वेगळा केला आणि उदारपणे इतरांस दिला. त्यावर पुढचे काम झाले व 2008 चे नोबेल शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन यांना मिळाले. त्या वेळी प्रॅशर अमेरिकेत एका मोटार-विक्रेत्याकडे गाडी चालवीत होते. विद्येच्या इतिहासात मान देणाऱ्यांप्रमाणे मान हुकलेलेही असतात, हे आपण विसरू नये. याच प्रथिनात प्रकाश पडताच एक प्रोटॉन काही पिकोसेकंदांत निसटतो, हे 1996 मध्ये बॉक्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

आता आपल्या शेजारची गोष्ट. सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे एक तरुण अधिकारी 1910 च्या सुमारास नागपुरास होते. ते म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी 1928 मध्ये शोधलेला परिणाम फेम्टोसेकंदी झोतांशी जोडून बर्कली येथील मॅथीज यांच्या गटाने 2009 मध्ये त्या हिरव्या प्रथिनाची थरथर टिपली. त्याच वर्षी त्याच पद्धतीने, वनस्पतींना तांबड्या उजेडाची जाण देणाऱ्या फायटोक्रोमवर केलेले काम प्रसिद्ध झाले. ते करणारे ज्योतिष्मान दासगुप्ता पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

पण नव्या उपकरणाने भुलूनही जाऊ नये. 2007 मध्ये वाटले, की पानातील ऊर्जा क्वांटम लहरींच्या आधारे वाट शोधते. पुढील दशकातील कसून तपासणीने तो अर्थ टिकला नाही.

याचा शेतकऱ्यास उपयोग काय? ऊन फार झाले, की पान जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने टाकून देते आणि सावली आली तरी ते दार लवकर बंद करीत नाही. हे दार लवकर मिटेल असे सोयाबीन अमेरिकेत 2020 मध्ये शेतात लावले. सरासरी सुमारे 24 टक्के जास्त दाणे मिळाले. 2021 मध्ये वादळी हवामानाने पीक लोळले आणि ती वाढ दिसली नाही. सोयाबीन पेरणाऱ्या वऱ्हाडाने या दोन्ही वर्षांचे निकाल सारखेच ध्यानात ठेवावेत.

उद्या निंबाखाली थांबाल, तेव्हा वर पाहा. आपण एकदा पापणी मिटतो तेवढ्यात त्या पानातील शर्यत अगणित वेळा धावली जाते. तिचे मोजमाप मनुष्याने केले. तिच्यापासून पीक काढण्याचे काम अजून उरले आहे.