क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ कसे? समजून घ्या समस्थानिकांचे गणित

शाळेच्या रसायनशास्त्रात बरीच मुले एका आकड्यापाशी अडतात : क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात आणि अर्धा न्यूट्रॉन काही असत नाही. मग हे साडेपस्तीस आले कुठून?

समस्थानिके म्हणजे काय?

मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येवरून, म्हणजे अणुअंकावरून ठरते. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत १७ प्रोटॉन असतातच. न्यूट्रॉन मात्र काही अणूंत १८, तर काहींत २० असतात. त्यामुळे अणुवस्तुमानांक एकाचा ३५, दुसऱ्याचा ३७. आवर्तसारणीत दोघांचे घर एकच, म्हणून नाव पडले समस्थानिके. अकरावीत इंग्रजी पुस्तक हाती आले, की हीच ‘आयसोटोप’ म्हणून भेटतात. इलेक्ट्रॉन दोघांतही १७च, त्यामुळे रासायनिक वागणूक जवळपास सारखी. आपल्या जेवणातल्या मिठात दोन्ही असतात.

‘आयसोटोप’ हा शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये वापरात आणला. पुढे फ्रान्सिस ॲस्टन यांनी मास स्पेक्ट्रोग्राफ या उपकरणाने क्लोरीनचे हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सरासरी काढायची कशी?

निसर्गात क्लोरीनच्या दर १०० अणूंपैकी साधारण ७५ अणू ३५ चे आणि २५ अणू ३७ चे असतात.

७५ × ३५ = २६२५
२५ × ३७ = ९२५
एकूण ३५५०; भागिले १०० = ३५.५

बाजारात ३५ किलोची ७५ पोती आणि ३७ किलोची २५ पोती आली, तर सरासरी साडेपस्तीस किलो निघेल. पण साडेपस्तीस किलोचे पोते शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही. क्लोरीनचेही तसेच आहे. अचूक वस्तुमाने आणि अचूक प्रमाण घेतले, की उत्तर ३५.४५ येते.

मार्क जातात ते इथे

३५ आणि ३७ यांची बेरीज करून दोनने भागले, तर ३६ येते. हे चूक. प्रमाण सारखे नसेल तर साधी सरासरी चालत नाही. ब्रोमीनमध्ये ७९ आणि ८१ ही समस्थानिके जवळपास निम्मी-निम्मी आहेत, म्हणून तिथे सरासरी ८० च्या आसपास (७९.९०) येते. बोरॉनमध्ये १० चे प्रमाण सुमारे २० टक्के, ११ चे ८० टक्के, उत्तर १०.८. एक सोपी खूण : सरासरी ज्या आकड्याच्या जवळ, ते समस्थानिक निसर्गात जास्त. मात्र ही खूण दोनच समस्थानिके असतील तेव्हाच वापरावी.

पुस्तकाबाहेर

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन होणारे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. कारवारजवळच्या कैगा प्रकल्पातील अणुभट्ट्या याच नैसर्गिक युरेनियमवर चालतात. ते शक्य होते जड पाण्यामुळे, आणि जड पाणी म्हणजे हायड्रोजनच्या ड्युटेरियम या समस्थानिकाचे पाणी. थायरॉईडच्या उपचारात आयोडीन-१३१ वापरतात, तर कॅन्सरच्या रेडिएशनसाठी कोबाल्ट-६०.