रानाचा धनी कोण?

डिसेंबर २०२४मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक पाहुणा आला. येडशीच्या रामलिंग घाटातील अभयारण्यात वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ उमटला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याची ओळख पटली. चारशे-पाचशे किलोमीटरची वाट तुडवून स्वारी आमच्याकडे आली होती. आमचा मुलूख तसा उघडाबोडका. रान म्हणावे असे आमच्याकडे थोडेच, आणि त्यातले डोळ्यांत भरणारे हेच. त्यामुळे गावोगाव महिनाभर दुसरा विषय नव्हता.

वर्गात मी वाघाविषयी बोलत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, वाघ तिकडचं एवढं मोठं रान सोडून इकडं का आला?"

मी म्हटले, "पोटासाठी आणि हक्काच्या जागेसाठी."

"म्हंजी आमच्यावानीच की!" पोरगा म्हणाला, आणि वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्याबरोबर माझ्या वर्गातली काही बाकेही रिकामी होतात. प्रश्न विचारणारा मुलगा त्यांपैकीच एक होता.

वाचकहो, त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घर करून बसला. माणसाच्या दाराशी डोंगर आहे, डोंगरावर झाडे आहेत, झाडाला फळ आहे. आणि तरी माणूस पोटासाठी परमुलखात का जातो? उत्तर शोधायला मी इतिहासाची पाने उलटू लागलो, तो आठवण झाली माझ्या आजीची.

आजी बालाघाटच्या डोंगरातून सीताफळे गोळा करून आणी आणि येडशीच्या स्टेशनावर विकी. त्या वेळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी होती. ती इतकी सावकाश चाले की, उतारूंना खिडकीतून घासाघीस करायला भरपूर वेळ मिळे. मी टोपलीजवळ बसून पैसे मोजत असे. आजीचा एक नेम होता. ज्या फळाचा डोळा उघडला नाही ते तोडायचे नाही, आणि झाडावरचे सगळे फळ काढायचे नाही. "लेकरा, समदं नेलं तर पाखरानं काय खावं?" असे ती म्हणे. परंतु डोंगर सरकारचा. वाटेत रखवालदार भेटला की, निवडक फळे त्याच्या पिशवीत पडत. उरलेल्यातली बरीचशी व्यापारी शेकड्याने घेई, आणि त्याचा भाव तोच ठरवी. झाडाची राखण आजीने करायची आणि नफा तिसऱ्यानेच खायचा, असा तो व्यवहार. त्यात काही चुकते आहे, असे आजीला वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते.

हा व्यवहार कोठून आला? इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि पुढे १९२७ साली तो नव्याने बांधला. आमचा जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. पण रान सरकारचे आणि गावकरी त्यात उपरा, ही समजूत तेथेही निराळी नव्हती. १९२७च्या कायद्यातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. बांबू हे वास्तविक गवत. शाळेतल्या पोरालाही ते पुस्तकात वाचता येते. परंतु कायद्याने व्याख्या करताना बांबूला झाडांच्या पंक्तीत बसवले. झाड झाले म्हणजे ते इमारती लाकूड झाले, आणि लाकूड झाले म्हणजे त्यावर सरकारचा शिक्का आला. एका शब्दाने किती माणसांच्या हातचे काम जाते, हे आम्हां शब्दांवर जगणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवावे असे आहे.

त्याचे फळ सह्याद्रीच्या दाट, सदाहरित रानाच्या अंगणातच दिसून आले. कारवार जिल्ह्यात दांडेलीला १९५८च्या सुमारास कागद गिरणी उभी राहिली. तिला सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया या दराने! टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात शेकडो पटींनी महाग पडे. काही वर्षांत बांबूची बेटे ओस पडू लागली. दोष आला गावकऱ्यांच्या आणि त्यांच्या गुरांच्या माथी. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात रानात जाऊन पाहिले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. तोडणी सोपी व्हावी म्हणून गिरणीचे लोक ते साफ करीत. कोवळे कोंब मग उघडे पडत आणि जनावरे ते खाऊन टाकीत. काटे हेच त्या बेटाचे कुंपण होते. ही गोष्ट गावच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाला ठाऊक होती. परंतु त्याला कोणी विचारले नव्हते.

आता विदर्भाकडे वळू. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे गाव आहे. वस्ती जेमतेम शंभर उंबऱ्यांची. १९८०च्या दशकात मोठ्या धरणांमुळे तिकडची राने बुडणार, म्हणून आदिवासींनी चळवळ केली. त्या चळवळीतून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सोबती. त्यांनी गावात अभ्यासगट चालवले. जंगल, कायदा, मध, हिशेब, जो विषय अडेल त्यावर बसायचे, बोलायचे, समजून घ्यायचे. मोहोळाला आग लावून माशा मारण्याऐवजी त्या जगवून मध कसा काढावा, हाही त्यातलाच एक अभ्यास. निर्णय मात्र बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यायचा. एकाचे जरी अडले, तरी पुन्हा बसायचे. मास्तर म्हणून मला या गोष्टीचा हेवा वाटतो. आम्ही चाळीस पोरांना गप्प बसवतो आणि त्याला शिस्त म्हणतो!

२००६ साली वनहक्क कायदा झाला. मोह, डिंक, मध, तेंदूपाने, हिरडा, बेहडा यांसारखे गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क रानात राहणाऱ्यांचा आहे, हे त्याने मान्य केले. आणि बांबूचे नाव या यादीत स्पष्ट घातले. २००९ साली मेंढा आणि शेजारचे मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर रान आले. पण हक्क कागदावर आला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो वनखाते देईना. जुन्या कायद्यातले झाड अजून उभेच होते! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. आपला बांबू किती तोडायचा, किती राखायचा आणि कोणाला विकायचा, हे आता गाव ठरवू लागले. १९२७च्या व्याख्येतून बांबू हा शब्द गळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१२ साली त्या गावाला हजारभर हेक्टरांचे रान मिळाले. तेंदूपानाचा पैसा रोकडा आणि झटपट. तरीही गावाने तो धंदा सोडून दिला. पान चांगले फुटावे म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात. त्याने झाडाला फळ धरत नाही, पाखरांचे खाद्य जाते, रान जळते. त्यापेक्षा बांबू नियमाने तोडू आणि त्यावर जगू, असे त्यांनी ठरवले. जी तरुण मुले मजुरीसाठी बाहेर जात, त्यांना गावातच काम मिळू लागले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. "पाखरानं काय खावं?" हा आजीचा प्रश्न पाचगावच्या सभेत कोणीतरी विचारला होता, आणि तेथे त्याला मत होते. आजीला ते नव्हते. फरक काय तो एवढाच.

कोणी म्हणेल, मास्तर, गडचिरोलीचे घनदाट रान कोठे आणि तुमचे सीताफळाचे माळ कोठे! खरे आहे. शिवाय आदिवासी नसलेल्यांना वनहक्क मागायचा, तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा दाखवावा लागतो. आमच्याकडे तो मार्ग अवघड आहे. परंतु २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला एक समिती आणि एक नोंदवही दिली आहे. आपल्या शिवारात काय उगवते, काय चरते, कशाचा उपयोग कोणाला ठाऊक आहे, ते गावाने स्वतः लिहायचे. देशभर नाव कमावलेली आमची उस्मानाबादी शेळी, डोंगरातले सीताफळ, माळावरचा तरवड, बांधावरची बोर, ही सारी त्या वहीत बसतात. नुसती वही लिहून चूल पेटत नाही, हे मला कळते. मेंढ्यालाही पहिल्या सभेपासून परवान्यापर्यंत वीस-पंचवीस वर्षे लागली. पण आपल्याजवळ काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला भाव दुसराच सांगतो.

या दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गाला एक वही दिली आहे. पहिले पान त्या मागच्या बाकावरच्या मुलाने लिहिले. सीताफळाचा डोळा कधी उघडतो, त्याचा रंग कसा पालटतो, कोणत्या ओढ्यावरचे फळ गोड, हे सगळे त्याने न अडखळता लिहून काढले. हस्ताक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. मी लाल शाई लावली नाही.

लक्ष्मीपूजन झाले की तो आईबापांबरोबर उसाच्या फडाकडे जाईल. वही मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. दुसरे पान त्याच्यासाठी कोरे सोडले आहे.