नाव, गाव, फळ, फूल आणि बेसबॉल

मागच्या शनिवारी बऱ्याच महिन्यांनी सारोळ्याला जाऊन आलो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या पुलाच्या अलीकडे जे गाव लागतं ते. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे जिल्हा सातारा. सारोळं हे माझं आजोळ. शाळेत असताना मे महिना म्हणजे सारोळं, दुसरा पर्यायच नव्हता.

जाण्याचं कारण मात्र रुक्ष होतं. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर मामी, दादा (मामेभाऊ) आणि ताई (मामेबहीण) अशी तीन नावं लागली. आता दादाला ताईकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचंय आणि त्यासाठी ताजा सातबारा हवा होता. "तू कॉम्प्युटरवाला, ऑनलाइन काढून दे," असा निरोप आला. सॉफ्टवेअर इंजिनियरला घरचे लोक कशाकशासाठी वापरतात यावर एक वेगळा लेख होईल. असो.

सातबारा दहा मिनिटांत निघाला. मग मामी म्हणाल्या, "आलाच आहेस तर माळ्यावरची ट्रंक खाली काढून दे." त्या ट्रंकेत काय निघालं असेल? आमचा व्हिडिओ गेम! पिवळा पडलेला, दोन रिमोटसकट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला). सोबत ती पिवळी कॅसेट आणि एक दोनशे पानी वही.

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलंय त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' उर्फ फॅमिकॉम काढला. त्याचीच अमेरिकन आवृत्ती म्हणजे एनईएस. आपल्याकडे आले ते बहुतेक त्याचे नकली भाऊबंद. कुणाकडे समुराई, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटिल मास्टर. आमचा मामांनी तपकीर गल्लीतून आणला होता आणि त्यावर काय नाव होतं ते आता वाचतासुद्धा येत नाही. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, चॅनल लावत बसायचं, मुंग्या कमी झाल्या की खेळायचं. नाहीच चाललं तर कॅसेट काढून फुंकर. फुंकरीने खरंतर काही होत नाही, कॅसेट पुन्हा नीट बसते म्हणून चालते, उलट तोंडातल्या दमटपणाने पिना खराब होतात. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आमच्या कॅसेटवर मारिओ होता, काँट्रा होता आणि 'बेसबॉल' होता. गावात कुणालाही बेसबॉल म्हणजे काय हे माहीत नव्हतं. दादाचं म्हणणं, हे क्रिकेटच आहे, फक्त स्टंप चोरीला गेलेत. :)

तर हा बेसबॉल म्हणजे निन्टेंडोचा १९८३ च्या डिसेंबरमधला गेम. फॅमिकॉमच्या अगदी सुरुवातीच्या गेमांपैकी एक. फील्डर आपोआप पळायचे, आपण फक्त बॉल टाकायचा, मारायचा आणि कुठल्या बेसवर फेकायचा ते ठरवायचं. संघ सहा, पण संघाला नाव नाही, नुसतं एक अक्षर. जपानी आवृत्तीत सी, डी, जी, एस, टी, डब्ल्यू. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं की ही जपानच्या सेंट्रल लीगच्या सहा खऱ्या संघांची आद्याक्षरं: कार्प, ड्रॅगन्स, जायंट्स, स्वॅलोज, टायगर्स आणि व्हेल्स. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं, आणि कुणाची परवानगीही घ्यावी लागत नाही. अमेरिकेत तोच गेम विकताना अक्षरं तेवढी बदलली.

आम्हाला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही 'एस' म्हणजे सारोळे असं ठरवून टाकलं. यावर शेजारच्या घरी सुट्टीला आलेल्या शिरवळच्या एका पोराने आक्षेप घेतला की शिरवळपण एस आहे. त्याला डी देण्यात आलं, डी फॉर दुश्मन. कापूरहोळला सी मिळालं, कारण के नव्हतंच.

आणि मग दादाने वही काढली. गेममधल्या खेळाडूंना नावं नाहीत हे त्याला फार खुपत होतं. त्याने पानावर एक ते नऊ आकडे घातले आणि पुढे गावातल्या पोरांची नावं लिहिली. ज्याचा नंबर बॅटिंगला येईल त्याने रिमोट घ्यायचा. कुणी किती होमरन मारले याचा हिशोब वहीच्या मागच्या पानांवर. माझा नंबर नऊ, पुढे कंसात 'पाहुणा'.

ही वही घेऊन मी ओट्यावर बसलो आणि डोक्यात एक जुना किडा वळवळायला लागला. दादाला जे नववीत असताना खुपत होतं, नेमक्या त्याच गोष्टीवर तिकडे अमेरिकेत कंपन्या, संघमालक, खेळाडूंची युनियन आणि कोर्ट अशी सगळी मंडळी कित्येक वर्षं भांडत होती. गेममधल्या खेळाडूचं नाव कुणाच्या मालकीचं?

१९८८ साली एनईएसवर दोन बेसबॉल गेम आले. पहिला एलजेएन कंपनीचा 'मेजर लीग बेसबॉल'. यांनी लीगकडून, म्हणजे संघमालकांकडून परवाना घेतला होता. त्यामुळे त्यात तेव्हाचे सगळे २६ संघ खऱ्या नावांनी होते. खेळाडू मात्र बिननावाचे, नुसते नंबर. दुसरा टेन्जेन कंपनीचा 'आरबीआय बेसबॉल'. मूळ जपानमधला, नॅमकोचा १९८६ चा 'फॅमिली स्टेडियम'. टेन्जेनने लीगला विचारलंच नाही, ते गेले खेळाडूंच्या युनियनकडे. म्हणून त्यात खेळाडू सगळे खऱ्या नावांचे, पण संघ म्हणजे नुसतं शहराचं नाव: बॉस्टन, ह्यूस्टन, डेट्रॉइट वगैरे आठ, आणि दोन ऑल-स्टार संघ. रेड सॉक्स, टायगर्स असं काही म्हणायची सोय नाही.

म्हणजे आपल्या 'नाव, गाव, फळ, फूल' सारखंच झालं की! एकाला गाव आलं, नाव आलं नाही. दुसऱ्याला नाव आलं, पण गावापुढचं अडलं. दोन्ही भरायचं तर दोन ठिकाणी पैसे मोजा.

(टेन्जेनची पुढची कथा वेगळीच चित्तरकथा आहे. निन्टेंडोच्या कुलपाच्या चिपला चकवायला त्यांनी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसला खोटं कारण सांगून त्या चिपचा कोड मिळवला आणि आपली स्वतःची काळी कॅसेट काढली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने त्यांना चांगलंच झापलं. रिव्हर्स इंजिनियरिंग करण्यात काही गैर नाही, पण खोटं बोलून कोड आणलात हे चालणार नाही, असा साधारण सूर. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तो निकाल जरूर वाचावा. आपल्याकडच्या नकली मशीनमध्ये ते कुलूपच नव्हतं, त्यामुळे सगळंच चालायचं.)

आता प्रश्न असा की खेळाडूंचं नाव संघापासून वेगळं झालंच कसं? खेळाडू संघाचा नोकर, मग त्याचं नावही संघाचंच, असं मालकांनी म्हणायला हवं होतं. याचं उत्तर गेमच्या बरंच आधीचं आहे आणि ते चक्क च्युइंग गमच्या पाकिटात आहे.

अमेरिकेत गमच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची कार्डं यायची. (आपल्याकडे बिग फनमध्ये क्रिकेटपटूंची यायची, आठवतंय?) दोन गम कंपन्या एकाच खेळाडूच्या फोटोवरून भांडत कोर्टात गेल्या. १९५३ च्या हेलन विरुद्ध टॉप्स या खटल्यात न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी सांगितलं की माणसाच्या चित्राला, ओळखीला बाजारात किंमत असते आणि ती किंमत वसूल करण्याचा हक्क त्या माणसाचा. 'राइट ऑफ पब्लिसिटी' हा शब्दप्रयोग कायद्यात रुजला तो या निकालापासून.

हक्क मिळाला, पैसे नाहीत. टॉप्स कंपनी एकेका खेळाडूला सुरुवातीला ५ डॉलर देऊन बांधून घ्यायची आणि मग वर्षाला १२५ डॉलर. १९६६ मध्ये मार्विन मिलर नावाचा गृहस्थ खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला. मूळचा पोलाद कामगारांच्या युनियनमधला अर्थतज्ज्ञ. त्याने पहिलं काम काय केलं, तर कोका-कोलाच्या बुचांखाली खेळाडूंचे चेहरे छापायचा करार. त्यातून ६० हजार डॉलर मिळाले आणि युनियनचा कारभार चालू लागला. मग तो टॉप्सकडे वळला. ते दाद देईनात, तेव्हा १९६८ मध्ये खेळाडूंनी नूतनीकरणावर सह्याच करायच्या नाहीत असं ठरवलं. टॉप्स नरम आली. १२५ चे २५० झाले, शिवाय विक्रीवर टक्केवारी.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की कुणी आरडाओरडा केला नाही, मोर्चा काढला नाही. फक्त सही केली नाही.

ही ताकद युनियनकडे एकत्र आली, म्हणूनच वीस वर्षांनी टेन्जेनला एकाच दारात सगळ्यांची नावं मिळाली, आणि एलजेएन त्या दारात न गेल्यामुळे त्यांच्याकडे नंबर राहिले. १९९४ चा 'केन ग्रिफी ज्युनियर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल' हा तर कळस. लीगचा परवाना होता, युनियनचा नव्हता. म्हणून अख्ख्या गेममध्ये खऱ्या नावाचा खेळाडू एकच, ज्याच्याशी वेगळा करार केला तो ग्रिफी! बाकी सगळे काल्पनिक. पण निन्टेंडोने एक खुबी ठेवली होती, नावं बदलता यायची. म्हणजे जे लिहायला परवाना नाही ते ज्याने त्याने घरी लिहून घ्यावं. आपल्या पिढीने ईएच्या 'क्रिकेट ०७' मध्ये वेगळं काय केलं? भारताचा परवाना नव्हता म्हणून आपल्या खेळाडूंची नावं वाकडी करून घातलेली, आणि हॉस्टेलवर पहिलं काम कुठलं, तर ती सरळ करणारा पॅच टाकणं.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, पण आला तो थेट मैदानावर. २००२ ची चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २००३ चा वर्ल्ड कप. आयसीसीचं म्हणणं, स्पर्धेच्या आसपासच्या काळात खेळाडूंनी प्रायोजकांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती करायच्या नाहीत. आपल्या खेळाडूंचे आधीच वैयक्तिक करार झालेले. बरंच ताणलं गेलं, पर्यायी संघ पाठवायच्या गोष्टी झाल्या, शेवटी तडजोड. त्याच सुमाराला, २००३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने आयसीसीच्याच एका दाव्यात म्हटलं की प्रसिद्धीचा हक्क हा व्यक्तीचा असतो, स्पर्धेचा किंवा आयोजकाचा नसतो.

उलट बाजूही आहे हं. २००७ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की फँटसी बेसबॉलवाल्यांना खेळाडूंची नावं आणि आकडेवारी परवान्याशिवाय वापरता येईल, कारण ती जगजाहीर माहिती आहे. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही फँटसी गेममधल्या खेळाडूंच्या डिजिटल कार्डांबद्दल जवळपास तसंच मत दिलं. म्हणजे आज एलजेएन कोर्टात उभी राहिली तर? मला वाटतं आकडेवारीचं निभावेल, चेहऱ्यांचं अवघड जाईल. पण मी वकील नाही.

एवढं सगळं ओट्यावर बसून दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी वही बेकायदेशीर?" म्हटलं, तू कुणाची परवानगी घेतली होतीस? "घ्यायची कशाला, सगळे आपलेच होते."

मग यादी नीट बघितली. एक ते सहा नावं. आठवं नाव. नवव्याला मी पाहुणा. सातच्या पुढे काहीच नाही, नुसती रेघ. दादाला आठवेना. परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या, तिथूनच ताईला फोन लावला. ती साताऱ्याला असते.

"अरे, सात म्हणजे मी," ती लगेच म्हणाली. "दादा म्हणाला टीममध्ये पोरींची नावं नसतात. मी म्हटलं मग रिकामं ठेव, पण माझा टर्न सोडणार नाही."

सातबारा काढून दिल्याचं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा भोरला सहीला कधी बोलावतोय म्हणाला का?"

"पुढच्या सोमवारी."

"बघते. अजून ठरवलं नाही मी." आणि मग एकदम, "वही आहे ना तुझ्याकडे? मागचं पान बघ. होमरन सगळ्यात जास्त माझे असतील."

गाडी अजून जागेवरच होती. वही मागून उघडली. दादाच्या अक्षरात, पेन्सिलीने: नं. १ – १२, नं. ४ – १९, नं. ९ – ३ (हसू नका). नं. ७ – ३१.