लांबडं, जनावर, जिवाणें

दिवेलागणीनंतर आमच्या घरात ‘साप’ हा शब्द काढायची सोय नव्हती. आजी म्हणायची, “परसात जाताना कंदील घेऊन जा, लांबडं असतंय.” नाव घेतलं की ते येतं, ही तिची पक्की समजूत. लहानपणी मी हसत असे. पुढे शब्दांचा नाद लागला आणि हसू ओसरलं.

देशावर लांबडं किंवा नुसतं ‘जनावर’, गोव्याच्या कोकणीत ‘जिवाणें’. चावण्याचंही नाव घ्यायचं नाही. “त्याला पान लागलं” एवढंच म्हणायचं. आता अमरकोश उघडा. सापाच्या नावांत ‘दीर्घपृष्ठ’ आहे, म्हणजे लांब पाठीचा. आजीचं लांबडंच की हे! ‘व्याल’ म्हणजे साप आणि हिंस्र पशूही. जनावर हा शब्द फारसीतून आला, पण बसला याच जुन्या जागेवर. आणि ज्याला आपण खरं नाव समजतो तो साप? सर्प म्हणजे सरपटणारा, तेही वर्णनच. ऋग्वेदात वृत्राला ‘अहि’ म्हटलं आहे. तो अहि बोलण्यातून गेला आणि सरपटणारा राहिला. माझा संशय त्या काळच्या आज्यांवर आहे.

घरात ही आडवळणं गोड वाटतात. दवाखान्यात मात्र ती वेळ खातात. “पान लागलंय” हे शहरात शिकलेल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. ‘जिवाणू’ म्हटलं तर त्याच्या पुस्तकात तो रोगजंतू. “काहीतरी चावलं” म्हटलं तर विंचू की साप? दोघांचे उपचार वेगळे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. सापाला मात्र प्रतिविषच लागतं. सन 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं केंद्राने राज्यांना कळवलं ते 2024 च्या नोव्हेंबरात.

त्यातून मण्यार तर रात्रीच निघते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा फारसं दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. त्या वेळी कुणीतरी मोठ्याने ‘साप’ म्हणायला हवं असतं.